पत्र्याच्या शेडचे खुराडे



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही नव्या श्रमसंहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांना म्हटले की कायद्यावर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतोच. या वर्षी आम्हांला कोंबड्यांवर बोलू द्यावे. क्षणभर त्यांना ती थट्टा वाटली. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या व्यासपीठांवर परमार्थापासून अर्थकारणापर्यंत सारे विषय येऊन गेले असतील, पण परसातल्या शेडचे खुराडे कसे करावे, हा विषय बहुधा आला नसावा. काल येथे उपनिषदांवर सुंदर व्याख्यान झाले, उद्या अवकाशयानांवर होणार आहे. मधल्या दिवशी जमिनीवर उतरण्यास हरकत नाही, असे समजून आपण आमचे ऐकून घ्यावे.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे सारे नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. त्यामुळे विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी आमच्याकडून होणार नाही. शिवाय आज आमची आई समोर दुसऱ्या रांगेत बसलेली आहे. ऐंशी ओलांडली तरी तिचे कान शाबूत आहेत, आणि आम्ही चुकलो तर ती तेथूनच सांगेल.

कोंबडीशी आमचे नाते संपामुळे जडले. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मे महिन्यात आमचे बिऱ्हाड सातारा जिल्ह्यातल्या गावी परतले. जमीन दोन एकर कोरडवाहू, खाणारी तोंडे सात. त्या दीड वर्षात घरात रोकड पैसा आला तो फक्त अंड्यांचा. आईने शेजारणीकडून खुडूक कोंबडी वाट्याने आणली, तिच्याखाली अंडी ठेवली, एकवीस दिवसांनी पिल्ले निघाली, त्यांतली निम्मी शेजारणीला दिली. पुढे तिच्याकडे बारा-तेरा कोंबड्या झाल्या. दर बुधवारी बाजाराला अंडी जात, आणि येताना मीठ, काडेपेटी, रॉकेल आणि वडिलांची तंबाखू येई. त्या संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे आणि आम्ही त्यातला बराचसा वाचला आहे. संपकऱ्याच्या घरी चूल कोणाच्या पैशावर पेटत होती, याची नोंद मात्र आम्हांला फारशी आढळली नाही. आमच्या घरापुरती ती आम्ही आज येथे करून ठेवतो.

आता शेडकडे वळू.

सांगलीत आमचे घर कृष्णेपासून फार लांब नाही. मागच्या परसात पेरू, कढीपत्ता आणि एक शेवगा, आणि त्यांच्यामागे पत्र्याची एक शेड आहे, बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद. ती आम्ही १९९८ साली उभारली. युनियनचे कार्यालय भाड्याच्या एका खोलीत होते, तेथे कागद मावेनात, म्हणून बंद पडलेल्या कारखान्यांचे दप्तर या शेडमध्ये येऊन पडू लागले. हजेरीकार्डे, पगारपावत्या, ग्रॅच्युइटीचे अर्ज, आणि कोपऱ्यात मोर्च्यांचे झेंडे व त्यांच्या काठ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे आपणांला ठाऊकच आहे. शेड छपरापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर आठ दिवस आम्ही दोरीवर कागद वाळवीत होतो. पुष्कळ वाचले. तीन कामगारांच्या हजेरीकार्डांचा मात्र लगदा झाला, आणि त्यांची सलग सेवा सिद्ध करता करता आमची पुरती दमछाक झाली. त्यांतल्या एकाचा दावा आम्ही हरलो. तो मनुष्य अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, आणि आम्हांला त्याच्याकडे पाहवत नाही. त्यानंतर जमिनीवरच्या शेडमध्ये कागद ठेवावयाचा नाही, असे आम्ही ठरवले. शेड रिकामी राहिली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्याच्या थोडे आधी कोंबडीमुळे करोना होतो अशी अफवा उठली होती, आणि कुक्कुटपालक कोंबड्या फुकट वाटत होते किंवा खड्ड्यात पुरत होते, हे आपण पाहिले आहे. मे महिन्यात आमचा एक जुना सोबती घरी आला. हा उत्तम फिटर, हात सोन्याचा. कारखान्याने दोन महिने पगार दिला नव्हता आणि मग बोलावणेही बंद केले. तो परसात बसून शेडकडे पाहत म्हणाला, "साहेब, हिचं काही करू या का? हात रिकामे राहिले की डोकं फिरायला लागतं." आतून आईने विचारले, "कोंबड्या का ठिवत न्हाई रं?" अशा रीतीने निर्णय झाला.

शेड आणि खुराडे या दोन वस्तूंत फरक काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. शेड ही आतली वस्तू कोरडी राहावी आणि बाहेरच्याने ती नेऊ नये म्हणून बांधलेली असते. म्हणून ती चारी बाजूंनी बंद असते. खुराड्यातही चोराची भीती आहे, पण आतली वस्तू जिवंत आहे. ती श्वास घेते, पाणी पिते, विष्ठा टाकते. बंद पत्र्यात त्या विष्ठेची वाफ कोंडते, तीत अमोनिया असतो, त्याने कोंबडीचे डोळे चुरचुरतात आणि छाती भरते. आपण आत वाकून उभे राहिलो आणि आपल्या डोळ्यांत पाणी आले, तर कोंबडीच्या उंचीला हवा त्याहून वाईट आहे असे समजावे. आमच्या उन्हाची गोष्ट निराळीच. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या उन्हात तापलेला पत्रा डोक्यावर असला तर तिला धापा टाकूनही निभत नाही. म्हणजे शेडचे खुराडे करणे हे मुख्यतः काढून टाकण्याचे काम आहे, लावण्याचे थोडे.

दैवयोगाने आमची शेड पूर्व-पश्चिम लांब होती. असेच हवे असते. लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला आल्या म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत घुसत नाही. त्या दोन्ही लांब बाजूंचा पत्रा सोबत्याने जमिनीपासून दीड फूट ठेवून वरचा सारा कापून काढला आणि तेथे जाळी बसवली. पूर्व-पश्चिमेचे आखूड पत्रे तसेच ठेवले. जाळीच्या बाबतीत आपणांला कळकळीने सांगावयाचे आहे की दुकानदार जी षट्कोनी छिद्रांची पातळ स्वस्त जाळी दाखवतो, ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवीत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, सांध्यांना झाळलेली वेल्डमेश घ्यावी. महाग पडते, आमच्या एकूण खर्चाचा निम्मा भाग तिच्यातच गेला, परंतु दुसऱ्यांदा घ्यावी लागली नाही. सांगलीच्या घुशी हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. त्या खालून येतात. म्हणून जमीन दोन फूट भरून उचलली, वर कोबा केला, आणि भिंतीच्या कडेने बाहेरही दीड फूट रुंद पट्टा घातला.

छपराचा पत्रा काढणे परवडणारे नव्हते. त्याला वरून चुन्याचे दोन हात दिले आणि त्यावर उसाचे पाचट वीतभर जाड पसरून जुन्या जाळीने बांधून टाकले. पाचट आमच्या भागात मागेल त्याला मिळते. शेतकरी ते शेतातच जाळून टाकतात, आणि ते तसे जाळू नये हेही जाता जाता सांगून ठेवतो. वळचण तीन फूट पुढे काढली म्हणजे पावसाची झड आत येत नाही. पाचटाजवळून विजेची तार नेऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण आम्ही नेली होती, आणि सोबत्याने ती वेळीच पाहिली.

आतले सामान बाजारातून आणावे लागले नाही. दप्तराच्या लोखंडी मांडण्या होत्याच. त्यांचा एकेक कप्पा साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. अंडी घालण्याच्या खोक्याचे माप अगदी हेच असते! चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते. पुढे चार बोटांची पट्टी मारली, आत तूस घातले, आणि ज्या कप्प्यावर 'प्रलंबित दावे' अशी चिठ्ठी होती, ती चिठ्ठी तशीच राहू दिली. रात्री बसण्यासाठी कोंबडीला दांडी लागते. तिला जमिनीवर झोपणे आवडत नाही. झेंड्यांच्या काठ्या आम्ही आडव्या बांधल्या. आईने पाहून नापसंती दाखवली. काठी इंचभर जाडीची होती, आणि कोंबडीच्या पंजाला दोन इंच तरी रुंद आणि कडा गोल केलेली दांडी लागते, नाही तर पाय दुखावतात. शेवटी दोन-दोन काठ्या एकत्र बांधल्या. मोर्च्यात एकटी काठी चालते, येथे जोडीने लागली.

जमिनीवर भाताच्या तुसाची तीन इंच गादी. कोणी शेंगांची फोलपटे घालतात, कोणी लाकडाचा भुस्सा. घालतात सारे, हलवीत कोणी नाही. ही गादी दर दोन-तीन दिवसांनी खालीवर केली पाहिजे आणि ओली झालेली जागा उचलून टाकली पाहिजे, तरच ती कोरडी राहते, आणि कोरड्या गादीला दुर्गंधी येत नाही. शेजारच्या घरी अंड्याचे नाव काढीत नाहीत. त्यांची पहिली तक्रार दुर्गंधीचीच येणार असे आम्ही गृहीत धरले होते. आज तेच गृहस्थ वर्षातून दोनदा त्या गादीचे खत गुलाबांसाठी घेऊन जातात. तक्रार आली ती कोंबड्याच्या आरवण्याची, आणि ती रास्त होती. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच लागतो. गावात राहणाऱ्याने कोंबडा ठेवू नये. आम्ही एक ठेवला होता, त्याचे कारण आईचा हट्ट.

आता आमच्या चुकीकडे येतो. बांधकामापेक्षा हिच्यात शिकण्यासारखे अधिक आहे.

शेड शहाण्णव चौरस फुटांची. एका पुस्तिकेत आम्ही वाचले की अंड्याच्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा पुरे, आणि दुसरीकडे वाचले की दीडही चालते. आम्ही भागाकार केला आणि साठ पिल्लांची मागणी नोंदवली. आई म्हणाली, तीस आण. आम्ही तिला भागाकार समजावून सांगितला! वास्तविक तो हिशोब मोठ्या व्यवसायाचा आहे, जेथे कोंबडीला मोजून खाद्य आणि पंख्याची हवा मिळते. परसातल्या खुराड्यात तीन-चार चौरस फूट धरावे. जागा कमी पडली की त्या एकमेकींची पिसे उपटतात. कामगाराला किती जागेत किती माणसे कोंबावीत यावर आम्ही मालकांशी उभा जन्म भांडलो, आणि स्वतः मालक होताच पहिला भागाकार तोच केला.

२० मे रोजी एक दिवसाची साठ पिल्ले आली, गिरिराज जातीची. ही जात बंगळूरच्या विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी तयार केली. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, ही दीडशेच्या आसपास जाते. पहिल्या आठवड्यात पिलांना ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंशांनी कमी करावयाची. पिलामागे दोन वॅट या मापाने साठ वॅटचे दोन बल्ब लावतात. हे बल्बही आता सहजी मिळत नाहीत. एलईडीच्या दिव्याला उजेड असतो, ऊब नसते. ऊब बरोबर आहे की नाही हे मात्र पिल्लेच सांगतात. दिव्याखाली दाटी केली तर थंडी आहे, दिव्यापासून पळाली तर उष्णता जास्त आहे, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. पहिले दोन आठवडे ती पडवीत होती, वाकवलेल्या पत्र्याच्या गोल रिंगणात. तिसऱ्या आठवड्यात ती शेडमध्ये हलवली. तेव्हा आई म्हणाली, "कोपरं बुजव आधी. कोपऱ्यात पिल्ली मरत्यात." आम्ही हो म्हटले आणि विसरलो. टाळेबंदीत कामगारांच्या शिध्याचे काम होते, फोन अखंड चालू असे. सबब सांगावयाची तर ही.

जूनच्या मध्याला रात्री पाऊस लागला आणि दोनच्या सुमारास वीज गेली. आम्ही झोपेत होतो. गार वारा येऊ नये म्हणून संध्याकाळी आम्हीच दोन्ही बाजूंना ताडपत्री सोडली होती. पहाटे सोबती आला, त्याने ताडपत्री वर केली आणि आम्हांला हाक मारली नाही, नुसता उभा राहिला. दिवा गेल्यावर पिलांना थंडी वाजली. ती एकमेकांच्या उबेला सरकली, सरकत सरकत पश्चिमेच्या कोपऱ्यात गेली आणि एकावर एक चढली. वरची जगली. खालची एकोणीस गुदमरून मेली होती. त्यांच्या अंगावर जखम नव्हती, रक्त नव्हते. नुसती चपटी झाली होती.

आई काही बोलली नाही. तिने घरातले जुने डालगे आणून आमच्यापुढे ठेवले. डालगे आपण सर्वांनी पाहिले असेल. बांबूच्या कामट्यांचे, पालथ्या टोपलीसारखे, आणि गोल. लहानपणापासून आम्ही ते पाहत आलो, ते गोल का, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. बुरुडाला विणावयास सोपे म्हणून असेल, असे कोणी म्हणेल, आणि तेही खरे असेल. पण पिल्लाला दबून मरण्यासाठी त्यात कोपरा नसतो, हे आईला ठाऊक होते, तिच्या आईलाही ठाऊक असले पाहिजे. त्या दिवशी आम्ही चारी कोपऱ्यांत पत्रे वाकवून बसवले, आणि वीज गेली तर म्हणून कोळशाची शेगडी व एक कंदील तयार ठेवला. शेगडी ठेवताना मात्र वरची हवा मोकळी राहिली पाहिजे, नाही तर धुराने दुसरे मरण. ताडपत्री खालून वर ओढावयाची आणि वर हातभर जागा उघडी ठेवावयाची. आम्ही ती वरून खाली पुरती सोडली होती.

उरलेल्या एकेचाळिसांत बावीस नर निघाले. दिवाळीनंतर एकवीस विकले, त्यांत आतापर्यंतचा खाद्याचा खर्च जेमतेम निघाला. एकोणीस तलंगा राहिल्या. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात 'प्रलंबित दावे' या कप्प्यात पहिले अंडे सापडले. लहान होते, बोराहून जरा मोठे म्हणा, पण सोबत्याने ते घरोघर नेऊन दाखवले.

रोगाविषयी थोडक्यात सांगतो. मानमोडी, म्हणजे ज्याला रानीखेत म्हणतात तो, एकदा शिरला की खुराडे रिकामे करूनच जातो. त्यावर इलाज नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात थेंबभर, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून दुसरी. अडचण अशी की कुपी कमीत कमी शंभर मात्रांची येते, बर्फातून आणावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे वीस कोंबड्या, त्याच्या ऐंशी मात्रा मातीत जातात. म्हणून तो लसच देत नाही. आम्हांला संघटनेशिवाय दुसरे काही येत नाही, तेव्हा आम्ही तेच केले. आसपासच्या सहा घरांची यादी केली, दिवस ठरवला, आणि सकाळी सात वाजता सगळ्यांच्या कोंबड्या एका रांगेत. वर्गणी घरटी काही रुपये. आमच्या आयुष्यातला हा एकमेव मोर्चा, ज्यात सगळ्या मागण्या तासाभरात मान्य झाल्या.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि पुन्हा गिऱ्हाईक आटले. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला तो देशात प्रथम आढळला होता, तेव्हाची भीती लोकांच्या मनात होतीच. आम्ही महिनाभर घरीच अंडी खाल्ली. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर मेलेली कोंबडी हाताळू नये, नदीत टाकू नये आणि लपवूही नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ कळवावे.

आता पैशाचे सांगतो, कारण आमच्यासारख्याने ते झाकून ठेवणे बरे नव्हे. २०२१ सालच्या उन्हाळ्यातला हिशोब असा: वीस पक्ष्यांना दिवसाला सव्वादोन किलोच्या जवळपास खाद्य, तीस रुपये किलोने सहासष्ट रुपये. अंडी सात-आठ, दहा रुपयांना एक, म्हणजे फार तर ऐंशी रुपये. उरले चौदा. एके दिवशी रात्री आम्ही हा हिशोब वहीत मांडीत होतो आणि पत्नी शेजारी तांदूळ निवडीत होती. तिने विचारले, "आणि माझा दीड तास कुठे धरलाय?" पाणी भरणे, खाद्य घालणे, गादी हलवणे, अंडी पुसून मोजणे, गिऱ्हाइकाला सुटे देणे, हे सारे तीच करीत होती. आम्ही भागाकार केला. तासाला साडेनऊ रुपयेही पडत नव्हते, आणि तेसुद्धा तिच्या हाती न येता आमच्या खिशात येत होते. किमान वेतनाच्या कायद्याखाली आम्ही याहून पुष्कळ चांगल्या मालकांना न्यायालयात खेचले आहे.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांला मागणीपत्र दिले. खरोखरच दिले, वहीच्या पानावर, युनियनच्या मागणीपत्राच्या धर्तीवर. अंड्यांचे पैसे तिच्या हाती राहतील. गादी हलवणे आणि खुराडे धुणे हे काम आमचे. ती माहेरी जाईल तेव्हा सारे काम आमचे. कोंबड्या किती ठेवावयाच्या हे ती आणि आई ठरवतील. आम्ही वाटाघाटीला बसलो. आमच्या बाजूने बोलण्यासारखे काही निघाले नाही. करार झाला, आणि तो आजतागायत पाळला जात आहे. नवरा गावाला गेल्यावर त्याचे काम कोणी करावयाचे, हे एवढे कलम अजून वादात आहे.

तिच्या हाती कारभार गेल्यावर खाद्याचा खर्च निम्म्यावर आला, हे आम्हांला कबूल केलेच पाहिजे. मंडईत संध्याकाळी उरलेला पाला, तांदळाची कणी, घरातले शिळे अन्न, आणि दुपारनंतर दोन तास परसात मोकळे सोडणे. अंड्याच्या कवचाला चुना लागतो, तो कमी पडला की कवचाऐवजी नुसते कातडे असलेले अंडे येते. त्यासाठी ती शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. तिने अंड्याचे बारा रुपये केले. आमची छाती झाली नसती.

या निमित्ताने एक गोष्ट बोलून टाकतो. आपल्या जिल्ह्यात आणि सबंध महाराष्ट्रात कराराने कोंबड्या वाढवणारे पुष्कळ शेतकरी आहेत. कंपनी पिल्ले देते, खाद्य देते, औषध देते, आणि तयार पक्षी नेऊन किलोमागे वाढावळ देते. शेड शेतकऱ्याची, वीज शेतकऱ्याची, घरच्या बायकामुलांचे कष्ट शेतकऱ्याचे. त्याला उद्योजक म्हणतात. आम्ही यंत्रमागावर मीटरमागे मजुरी घेणारे कामगार पाहिले आहेत, आणि आम्हांला यात फरक दिसत नाही. इतकाच दिसतो की मागवाल्याने निदान शेड स्वतः बांधलेली नसते. शेडसाठी कर्ज काढण्यापूर्वी हा विचार करावा. आमच्या पाहण्यातल्या एका निवृत्त कामगाराने फंडाचे पैसे मोठ्या शेडमध्ये घातले आणि ते बुडाले. परसातल्या खुराड्याला कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुनी शेड असेल तर करावे, नसेल तर डालगे पुरे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. या वेळी आम्ही शिकलो होतो. उंबऱ्याशी पाणी येण्याआधीच, रात्री अंधारात, कोंबड्या दांडीवरून उचलल्या. अंधारात कोंबडी आंधळी असते, हातात घेतली तरी ओरडत नाही. सारे वीस पक्षी डालग्यांत आणि भाजीच्या क्रेटांत घालून स्लॅबवर नेले, वर ताडपत्री. पाच दिवस आम्ही, आई आणि त्या, असे वरच होतो. दप्तरही वरच होते, कारण ते २०१९ पासून वरच्या खोलीतच असते. खुराड्यात चार फूट पाणी चढले. जाळी टिकली, कोबा टिकला, पाचट भिजून कुजले. धसक्याने त्यांनी तीन आठवडे अंडी दिली नाहीत. पत्नीने त्या तीन आठवड्यांचा तोटा आमच्या खात्यावर मांडला होता, तो वाटाघाटीने निम्म्यावर आला.

सध्या चौदा कोंबड्या आहेत, तिसरी पिढी, आणि कोंबडा नाही. सोबत्याला पुढे कुपवाडला काम मिळाले. रविवारी तो येतो, कड्या-कोयंड्यांना तेल देतो आणि सहा अंडी घेऊन जातो, त्याचे पैसे पत्नी घेत नाही. ज्यांना खुराडे पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, माप घेऊन जावे, जाळीच्या दुकानाचा पत्ताही देऊ. फक्त दुपारी चारनंतर यावे. सकाळी त्या अंड्याला बसलेल्या असतात.